वाचनालयाचं दार दुपारी उघडं ठेवू या

मार्च संपत आला की या पानावर आपण दरवर्षी उन्हाळ्याबद्दल बोलतो. पाणी भरपूर प्या, डोक्याला रुमाल बांधा, भर दुपारी बाहेर पडू नका. सल्ला बरोबरच आहे. पण ज्याचं पोट दुपारच्या कामावर आहे, ज्याच्या घरावर पत्रा आहे, त्याला तो पुरत नाही. कामाच्या जागी संडास नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या बाईलाही पुरत नाही. म्हणून या वेळी सल्ल्याबरोबर एका जागेबद्दलही लिहिते आहे. ती जागा म्हणजे आपल्या गावातलं, आपल्या वस्तीतलं सार्वजनिक वाचनालय.

आरोग्याच्या पानावर वाचनालय कशाला, असं कुणाला वाटेल. उत्तर साधं आहे. उष्णतेने माणूस दगावतो, तेव्हा बहुतेक वेळा तीन गोष्टी कमी पडलेल्या असतात. काय होतंय याची माहिती नसते, बसायला थंड जागा नसते आणि जवळ लक्ष ठेवणारं माणूस नसतं. या तिन्ही गोष्टी एका खोलीत मावतात. तशी खोली बऱ्याच गावांत आधीच बांधलेली आहे. फक्त नेमकी दुपारी तिला कुलूप असतं.

ऊन पूर्वीही होतं, मग बदललं काय?

हा प्रश्न वस्तीच्या प्रत्येक बैठकीत येतो. विदर्भातल्या म्हाताऱ्या माणसांना ऊन नवीन नाही. बदललेली गोष्ट समजून घ्यायला हवी.

कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्यावर कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. हा वायू जमिनीची उष्णता आकाशात निसटू देत नाही. गोधडीसारखं काम करतो. जागतिक हवामान संघटनेने २०२४ हे आजवर नोंदलेलं सर्वांत उष्ण वर्ष ठरवलं. त्या वर्षी पृथ्वीचं सरासरी तापमान कारखानदारीपूर्व काळापेक्षा सुमारे दीड अंशाने जास्त होतं.

दीड अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण ती सगळ्या पृथ्वीची, सगळ्या ऋतूंची सरासरी आहे. शरीराचं तापमान दीड अंशाने वाढलं तर आपण त्याला ताप म्हणतो आणि अंथरूण धरतो. शिवाय हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा कमी वेळात धो-धो पडतो आणि उकाड्याचे दिवस जास्त घामट होतात. रात्रीही पूर्वीसारख्या निवत नाहीत. सिमेंटच्या भिंती आणि पत्रे दिवसभर तापलेले असतात, ते रात्री उष्णता सोडतात. दिवसभर राबलेल्या शरीराला रात्री जी विश्रांती मिळायला हवी, ती मिळत नाही. उष्णतेच्या लाटेत तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणसं जास्त का कोसळतात, त्याचं एक कारण हे आहे.

शरीरात काय होतं

आपलं शरीर घामाने थंड होतं. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही, नुसता वाहतो आणि शरीर आतून तापत राहतं. म्हणून तापमानाचा आकडा एकटा पाहून चालत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने चौदा जणांचा जीव गेला. त्या दिवशी तिथलं तापमान चाळिशीच्या आतच होतं. भारतीय हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून करतं आणि किनारपट्टीवर ३७ अंशांपासून करतं, त्यामागे हेच कारण आहे.

सुरुवातीला डोकं दुखतं, गरगरतं, पायात गोळे येतात, मळमळतं, लघवी गडद पिवळी आणि थोडी होते. या टप्प्यावर सावली, पाणी आणि ओआरएस मिळालं तर माणूस तासा-दोन तासांत सावरतो. पण अंगाचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलं आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, झिंगल्यासारखा चालू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजायचा. इथे मिनिटं मोजायची असतात.

वॉर्डात काम करताना मी मे महिन्यात एकच गोष्ट अनेकदा ऐकली आहे. रुग्ण संध्याकाळी सहा-सातला आणलेला असायचा आणि नातेवाईक सांगायचे, "दुपारी दोनपासून बडबडत होते, म्हटलं ऊन उतरलं की नेऊ." ते चार-पाच तास परत आणता येत नाहीत. त्या घरातल्या कुणाचं प्रेम कमी नव्हतं. बडबड हे धोक्याचं लक्षण आहे, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

शिकागोचा धडा

जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात उष्णतेची लाट आली आणि सातशेहून जास्त माणसं दगावली. मेलेल्यांत गरीब, वृद्ध, एकटे राहणारे आणि कृष्णवर्णीय जास्त होते. एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने नंतर वस्ती-वस्तीचा अभ्यास केला. त्याला दिसलं की शेजारशेजारच्या दोन वस्त्या सारख्याच गरीब असूनही एकीत मृत्यू खूप आणि दुसरीत कमी होते. जिथे रस्ते ओस पडले होते, दुकानं बंद झाली होती आणि म्हातारी माणसं भीतीने दारं-खिडक्या लावून बसत होती, तिथे माणसं एकेकटी मेली. जिथे दुकानं, रहदारी आणि ओळखीपाळखी होत्या, तिथे म्हातारी माणसं घराबाहेर पडून थंड जागी जाऊन बसली आणि वाचली. पुढच्या काळात याच अभ्यासकाने सार्वजनिक ग्रंथालयांवर लिहिलं. माणसांना एकत्र आणणाऱ्या जागा पूल आणि रस्त्यांइतक्याच गरजेच्या आहेत, असा त्याचा मुद्दा आहे.

आज न्यूयॉर्क शहरात उष्णतेच्या लाटेत सार्वजनिक ग्रंथालयांच्या शाखा थंडावा केंद्रं म्हणून वापरल्या जातात. स्पेनमधल्या बार्सिलोना शहराने 'हवामान निवारे' ठरवले आहेत आणि त्यांत ग्रंथालयंही आहेत. आत या, बसा, पाणी प्या. पुस्तक घेतलंच पाहिजे अशी सक्ती नाही.

आपल्या देशातलं उदाहरण अहमदाबादचं आहे. मे २०१० च्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा १३०० हून अधिक जास्त मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. त्यात आगाऊ इशारा, दवाखान्यांची तयारी, पाणपोया आणि वस्त्यांमधला प्रचार एवढ्याच गोष्टी होत्या. महागडी यंत्रं नव्हती. या आराखड्यामुळे वर्षाला सरासरी हजाराहून अधिक मृत्यू टळल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी असे आराखडे केले. पण आराखडा महापालिकेच्या कपाटात असतो आणि ऊन वस्तीत पडतं. या दोघांना जोडणारी जागा हवी.

आपल्याकडे काय आहे

देशातला पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये केला. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांतली अकरा हजारांहून अधिक अनुदानित वाचनालयं राज्यात आहेत. यांतली बरीच गावातली एक-दोन खोल्यांची वाचनालयं आहेत. एक ग्रंथपाल, तोही तुटपुंज्या मानधनावर. वेळ बहुतेक ठिकाणी सकाळ-संध्याकाळची. याशिवाय विहारात, समाजमंदिरात तरुणांनी चालवलेल्या अभ्यासिका आहेत. तिथे स्पर्धा परीक्षेची मुलं दिवसभर बसतात. म्हणजे दुपारी उघडं राहणारं दार आपल्याच मुलांनी आधीच तयार केलं आहे.

पुस्तक लोकांपर्यंत गेलं पाहिजे, हा विचारही आपल्याकडे जुना आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. त्याच्या योजनेत खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या लाकडी पेट्या जायच्या. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी चित्रं आणि पडद्यावरची दृश्यं दाखवण्याची वेगळी शाखा होती. याच बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. ग्रंथालयाची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको. ज्यांनी ग्रंथांसाठी राजगृह बांधलं, त्यांची आपण माणसं आहोत.

वाचनालय काय करू शकतं

एक, थंड खोली. एप्रिल ते जून बारा ते चार दार उघडं ठेवायचं. आधी छपराकडे बघा. पत्रा किंवा गच्ची असेल तर मार्चमध्येच चुन्याचा पांढरा हात द्या. पांढरं छप्पर ऊन परतवतं आणि खालची खोली कमी तापते. खिडक्यांना ओले पडदे किंवा वाळ्याचे ताटे लावा. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत कूलर चांगलं काम करतो, कोकणच्या दमट हवेत त्याचा उपयोग नाही. तिथे समोरासमोरच्या खिडक्या आणि पंखा बरा. पण हवाच ४० अंशांच्या वर असेल तर नुसता पंखा गरम हवा अंगावर फेकतो. तेव्हा हात-पाय-मान ओली करून मग पंख्याखाली बसायचं. पाण्याचे माठ हवेत आणि चालू स्थितीतला संडास हवा. संडास नसेल तर बाया येणार नाहीत, आल्या तरी पाणी पिणार नाहीत.

दोन, दाराबाहेरचा फळा. हवामान खात्याचा इशारा मोबाइलवर येतो, पण सगळ्यांपर्यंत पोचत नाही. रोज सकाळी फळ्यावर आजचं अपेक्षित तापमान आणि इशाऱ्याचा रंग लिहायचा. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे लगेच खबरदारी घ्या. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी त्याच रंगाचं कापड दारावर बांधा. पावसाळ्याच्या तोंडावर विजेचा इशाराही सांगा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' हे मोफत अॅप जवळपास वीज पडण्याची शक्यता आधी कळवतं. शेतावर गेलेल्या बायांना फोन करून परत बोलवायला तेवढी मिनिटं पुरतात.

तीन, मोठ्याने वाचणं. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीचे अहवाल जगभर चर्चिले जातात. त्यांचे सारांश संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत निघतात. त्यांत मराठी नाही. मग आपल्या आईला ते कोण सांगणार? आठवड्यातून एकदा, दुपारी, अभ्यासिकेतल्या एखाद्या मुलीने अर्धा तास सोप्या मराठीत वाचून दाखवावं, समजावून सांगावं. उष्माघात, डेंग्यू, पुरानंतरचा लेप्टोस्पायरोसिस, विहिरीच्या पाण्याचं शुद्धीकरण, असे विषय घ्यावेत. आशाताईला, आरोग्यसेविकेला बोलवावं. प्रश्न विचारायला मोकळीक असावी. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, असं आपल्याकडे अनेकजण मानतात. त्याची टिंगल करू नका. कांदा खिशात ठेवा नाहीतर जेवणात खा, पण पाण्याची बाटली आणि डोक्यावर कापड हवंच, एवढं सांगा.

चार, नोंदवही. हवामान खात्याचं तापमान ठरावीक केंद्रावर, मोकळ्या जागेत, सावलीत मोजलेलं असतं. पत्र्याच्या घरात किती होतं, हे कुणीच मोजत नाही. भिंतीवरचे साधे तापमापक दोन घ्या. एक वाचनालयात, एक पत्र्याच्या घरात. दोन्ही सावलीत, छातीच्या उंचीवर. रोज दुपारी दोन आणि रात्री दहाला आकडा लिहायचा. नळाला पाणी कधी आलं, वीज किती वेळ गेली, किती जणांना भोवळ आली, तेही लिहायचं. माणसांची नावं नाही लिहिली तरी चालेल. तीन महिन्यांची अशी वही घेऊन ग्रामपंचायतीत किंवा वॉर्ड कार्यालयात गेलात की बोलण्याला वजन येतं. पाण्याचा टँकर, कामाच्या वेळेतला बदल, सावलीचा मांडव या मागण्या आकड्यांसकट मांडता येतात. उन्हाने झालेला मृत्यू अनेकदा दाखल्यावर नुसता हृदयविकार म्हणून लागतो. ज्या मृत्यूची नोंद नाही, त्यावर उपायही होत नाही.

पाच, पेटी. बडोद्याच्या पेटीची आठवण ठेवून वाचनालयात एक उन्हाळा-पेटी ठेवा. ओआरएसची पाकिटं, ताप मोजायचा थर्मामीटर, स्वच्छ सुती कापडं, पाण्याची फवारणी बाटली, प्राथमिक आरोग्य केंद्राचा फोन नंबर आणि खालची चौकट मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद. ओआरएसची पाकिटं प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे मागा.

पेटीवर चिकटवायची चौकट

• माणूस बडबडतो, झटके येतात किंवा शुद्धीवर नाही: लगेच १०८ ला फोन. ऊन उतरायची वाट बघायची नाही.

• गाडी येईपर्यंत सावलीत घ्या, जादा कपडे सैल करा, अंगभर साधं पाणी ओता, वारा घाला. मान, काखा आणि जांघेत ओली थंड कापडं किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवा.

• शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

• पॅरासिटॅमॉलने उष्माघाताचा ताप उतरत नाही. गोळी देण्यात वेळ घालवू नका.

• शुद्धीवर असलेल्याला ओआरएस घोट-घोट द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चहाचा चमचा मीठ. मीठ जास्त टाकू नका.

• हृदयाचे, मूत्रपिंडाचे रुग्ण, लघवी होण्याच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या घेणारे यांनी उन्हाळ्याआधी डॉक्टरांना भेटावं. गोळ्या मनाने बंद करू नयेत.

अडचणी येणारच

पहिली अडचण माणसाची. ग्रंथपालावर चार तासांचं फुकट काम लादू नका. अभ्यासिकेची मुलं, बचत गटातल्या बाया, निवृत्त शिक्षक अशा सात जणांची नावं घ्या. प्रत्येकाची आठवड्यातून एक दुपार. दुसरी अडचण पैशाची. चुना, दोन माठ, दोन तापमापक, फळा आणि खडू यांचा खर्च एखाद्या वाढदिवसाच्या फलकापेक्षा जास्त नाही. विजेचं वाढीव बिल ग्रामपंचायतीकडे किंवा नगरसेवकाकडे मागा.

तिसरी अडचण आपण बोलायला कचरतो ती. गावातलं वाचनालय सगळ्यांचं असतं, पण माठ सगळ्यांचा असतो का? सार्वजनिक पाण्यासाठी महाडला १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला. आज संविधानाचं कलम १५ जातीच्या कारणाने सार्वजनिक जागेचा वापर नाकारायला मनाई करतं. शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयात बसण्याचा, तिथलं पाणी पिण्याचा हक्क सगळ्यांचा आहे. सफाई कामगार, वीटभट्टीवरची बाई, पालावरचं कुटुंब, यांना मुद्दाम जाऊन सांगा की ही जागा तुमचीही आहे. आपल्या विहारातली अभ्यासिका उघडी ठेवू, तेव्हा तीही वस्तीतल्या प्रत्येकासाठी उघडी असली पाहिजे. कोण कुठल्या समाजाचा हे दारात विचारायचं नाही.

आणि जे येऊ शकत नाहीत, त्यांच्याकडे आपण जायचं. एकटे राहणारे म्हातारे, अंथरुणाला खिळलेले, गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाया यांची यादी वाचनालयात असावी. इशारा नारिंगी किंवा लाल असेल त्या दिवशी दुपारी कुणीतरी त्यांच्या दारात जाऊन यावं. शिकागोत मेलेल्यांपैकी अनेकांचं दार त्या दिवसांत कुणीच वाजवलं नव्हतं.

या आठवड्यात काय कराल

वाचनालयाच्या अध्यक्षांच्या नावाने एक अर्ज लिहा. मागण्या तीनच: एप्रिल ते जून दुपारी बारा ते चार दार उघडं ठेवणं, पाणी आणि संडासाची सोय, आणि बाहेर फळा. अर्जाखाली सात दुपारच्या सात माणसांची नावं लिहा. एक प्रत ग्रामपंचायतीला किंवा वॉर्ड कार्यालयाला, एक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. गावात वाचनालयच नसेल तर विहाराच्या समितीशी, शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोला. सुट्टीत शाळेची एक खोली रिकामीच असते.

तापमापक आजच आणा. पहिला आकडा १ एप्रिलला दुपारी दोन वाजता लिहायचा आहे.